आठात किती, काका?

देवावर विश्वास आहे म्हणून देवळात भांडणारी माणसं मी रगड पाहिली आहेत. पण स्वतः देव नाही म्हणणारा, आणि पाद्र्याने देवाचं नीट सांगितलं नाही म्हणून त्याच्याशी भांडायला निघालेला माणूस मी जन्मात एकच पाहिला. तोसुद्धा जयपुरात, तिलक नगरात, आमच्या डोक्यावर. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. शांतवनकाका! नाव शांतवन, आणि माणूस असा की नुसता जिना उतरला तरी आमच्या मांडणीतली भांडी वाजायची. त्यांची आठवण आली की अजून मला एका जागी बसवत नाही, कुणाला तरी धरून सांगावंसं वाटतं. तर आज तुम्हालाच धरते.

आमच्या ह्यांची विमा कंपनीतून बदली झाली आणि आम्ही सांगलीहून थेट जयपूरला येऊन पडलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मोती डुंगरीच्या पायथ्याशी तेव्हा संगमरवराच्या मंदिराचं बांधकाम चालू होतं, दुपारभर छिन्नीचा आवाज यायचा. मला हिंदी येत होतं ते रेडिओपुरतं. भाजीवाल्या भैयाला मी पहिल्या आठवड्यात काय काय सांगितलं ते त्याचं त्यालाच माहीत. अशात एका संध्याकाळी वरून खणखणीत मराठी ऐकू आलं, 'अगं, ह्या वांग्याला आठात तीनसुद्धा देता येणार नाहीत.' मला इतका आनंद झाला की मी तशीच ओल्या हातांनी जिना चढून वर गेले.

वर शांतवनकाका आणि रिबेकाकाकू. नगरकडचे, ख्रिस्ती. काका हवामान खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. सारा जन्म वेधशाळांच्या गच्च्यांवर उभं राहून आकाशाकडे बघण्यात गेला, बदल्या होत होत शेवटची जयपूरला झाली आणि काकूंच्या हृदयाचा डॉक्टर इथेच चांगला मिळाला म्हणून दोघं इथेच राहिले. मूलबाळ नाही. काकू बारीक, हसऱ्या, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागणाऱ्या. मी नमस्कार केला तर दोघं म्हणाले, 'सलाम.' त्यांच्याकडे तशीच पद्धत. मग काकांनी मला वांग्याच्या भाजीवर मत विचारलं. पहिल्याच भेटीत!

ते आठाचं प्रकरण मला दोन दिवसांनी कळलं. हवामानवाले म्हणे सगळं आकाश आठ भागांत वाटतात आणि त्यातले किती भाग ढगांनी भरले ते सांगतात. शून्य म्हणजे आकाश नीट पाहिलं, त्यात काहीच नाही. आठ म्हणजे पूर्ण भरलेलं. काकांनी नोकरी सोडली पण हे सोडलं नाही. जगातल्या सगळ्या वस्तू ते आठात मोजायचे. मी पहिल्यांदा पुरणपोळी वर पाठवली तर ताट परत द्यायला स्वतः खाली आले आणि दारात उभं राहून म्हणाले, आठात सात, एक भाग जायफळाने नेला. मला राग यायला हवा होता. पण ते इतक्या प्रामाणिकपणे सांगत होते, तोंडावर इतका आनंद होता की मी पुढच्या वेळी जायफळ कमी घातलं आणि निकालासाठी जिन्याखाली उभी राहिले. आठात आठ! माझ्या सासूबाईंनी आयुष्यात मला एवढं दिलं नव्हतं.

खरं बोलायचा त्यांना नाद होता म्हणा, रोग होता म्हणा. पाहिलं तेच सांगायचं, नाही पाहिलं ते सांगायचं नाही. कुणी 'काय काका, बरं आहे ना?' म्हणून पुढे जायला लागलं तर ते त्याला थांबवून, नाही, आज पोट बरं नाही, असं सविस्तर सांगत. आमच्या ह्यांनी एकदा साहेबांना टाळायला 'घरी नाही म्हणून सांगा' असं काकांना सांगितलं. काका साहेबांना म्हणाले, ते घरी आहेत, पण आपल्याला भेटायची त्यांची इच्छा नाही. ह्यांनी नंतर महिनाभर वर पाऊल टाकलं नाही.

आणि देवाचं? देवाला ते सरळ शून्य देत. जेवताना, चालताना, कुणी विचारलं तर आणि न विचारलं तरी. 'मी नीट पाहिलंय, कुंदाताई. शून्य.' काकू शेजारीच बसलेल्या असायच्या, त्या शांतपणे म्हणायच्या, 'आठात आठ.' मग दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. हा खेळ लग्नापासून चालू होता.

एकदा जानेवारीत जयपुरात असं धुकं पडलं की आमच्या फाटकातून समोरचं घर दिसेना. मी गमतीने वर हाक मारली, काका, आज आकाश आठात किती? वरून उत्तर आलं, 'नऊ.' मला वाटलं थट्टा करतात. तर ते शाल गुंडाळून खाली आले आणि मला शिकवायला बसले. धुक्यात आकाश दिसतच नाही, तेव्हा वर ढग आहेत की नाहीत हे सांगणारे आपण कोण? अशा वेळी आठाच्या पलीकडचा आकडा लिहितात, नऊ. शून्य म्हणजे पाहिलं आणि काही नव्हतं. नऊ म्हणजे मला बघता आलं नाही, वर काहीही असेल. दोन्हीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, असं ते बोट नाचवून म्हणाले. मी म्हटलं, मग देवालाही नऊच द्या की! तर त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की माझा चहा सांडला. नाही म्हणजे नाही. नऊ हा पळपुट्यांचा आकडा नाही, तो खरोखर धुकं असेल तेव्हाच लिहायचा. मला देवाच्या बाबतीत धुकं नाही. स्वच्छ शून्य.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस देवळाची, म्हणजे त्यांच्या चर्चची, पायरी चढत नसेल. अहो, दर रविवारी! न चुकता! नुसता जायचा नाही, तर तिथली पेटी हाच माणूस वाजवायचा.

काकूंना हाताला धरून न्यायला कुणी तरी लागायचं म्हणून एका रविवारी मी बरोबर गेले. हिंदी मंडळी, लहानसं देऊळ, पंखे किरकिरणारे, बायका डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला. काका कोपऱ्यात पेटीपाशी. आणि काय वाजवायचे! त्या भात्यात त्यांनी कसली हवा भरली होती कोण जाणे, माझ्यासारख्या गणपतीपुढे आरती म्हणणाऱ्या बाईच्यासुद्धा अंगावर काटा आला. पण तोंड मिटलेलं. सगळी मंडळी गाते, हा माणूस वाजवतो, ओठ हलत नाहीत. मग सगळे उभे राहून 'मी विश्वास धरतो' असं एका सुरात म्हणायला लागले तेव्हा काकांनी पेटीवरचे हात काढले, ताठ उभे राहिले आणि समोर बघत राहिले. ओठ घट्ट. सगळ्या देवळाला माहीत होतं. जुने पाद्री म्हातारे होते, ते म्हणायचे, शांतवनजींचं गप्प राहणं हीसुद्धा हजेरीच आहे.

येता येता मी न राहवून विचारलं की मग येता कशाला? रिक्षात काकू दोघांच्या मध्ये बसल्या होत्या. काका म्हणाले, 'माझ्या आजोबांना गावात पाणवठ्यावर येऊ देत नव्हते. ह्या देवळाने त्यांना माणसांच्या रांगेत बसवलं, हातात पाटी दिली. मी माणूस मानतो ते इथे शिकलो. त्या दाराला मी पाठ दाखवणार नाही. पण तिथे उभं राहून खोटंही बोलणार नाही.' काकू म्हणाल्या, 'आणि मला घेऊन कोण येणार, ते सांगा की.' ते म्हणाले, तेही आहेच.

माणसांना त्यांच्या त्यांच्या देवापर्यंत पोचवायचं आणि आपण बाहेर उभं राहायचं, हे त्यांचं सगळ्यांच्याच बाबतीत होतं. आमच्या घरमालकीण शर्माभाभींशी ते शीतलामातेवरून हातघाईवर येत. देवी गेली ती लसीच्या सुईने, मातेने नव्हे, असं ते त्यांना तोंडावर सांगत आणि भाभी कानांवर हात ठेवत. पण चाकसूची जत्रा आली आणि भाभींचे गुडघे धरले तेव्हा त्यांची थंड नैवेद्याची टोपली खांद्यावर घेऊन बसमध्ये कोण चढलं? काका. भाभी टेकडीवर दर्शन घेईपर्यंत खाली उन्हात त्यांच्या चपला राखत उभे होते. परत आल्यावर पुन्हा लसीचं भांडण सुरू.

पुढे जुने पाद्री निवृत्त झाले आणि नवे आले. जोनाथन त्यांचं नाव. तरणेबांड, चष्मा, सायकलवर फिरणारे, शिकून सवरून आलेले. आणि काय हुरूप त्या पोराचा! आल्या आल्या शास्त्री नगरात बायकांचा शिवणवर्ग, मुलांना पोलिओचे थेंब, देवळाच्या आवारात झाडं. उपदेश बदलला. आता पाच भाकरींत हजारो लोक जेवले ते कसे? तर म्हणे येशूने आपली शिदोरी पुढे केली, ती पाहून लोकांना लाज वाटली आणि प्रत्येकाने आपापली लपवलेली शिदोरी बाहेर काढली. माणसाने माणसाला वाटून दिलं, हाच चमत्कार. जुनी माणसं चुळबूळ करायला लागली. कॉलेजातली मुलं मात्र खूश.

मला वाटलं, काकांची तर चंगळ झाली. पाद्रीच त्यांच्या पक्षात आला! पाद्रीजींनाही तसंच वाटलं असणार, कारण उपासना संपल्यावर ते मोठ्या आनंदाने पेटीपाशी आले आणि म्हणाले, शांतवनजी, आज तर तुम्हाला पटलं असेल. मी शेजारीच काकूंच्या चपला शोधत होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. काकांचा चेहरा लाल झाला.

'पादरीजी, ये सब तो मैं सोमवार से शनिवार खुद ही मानता हूँ. इतवार को मैं आपकी बात सुनने आता हूँ. आप भी मेरी ही बात सुनाएँगे तो मैं मना किसको करूँ?'

पाद्रीजी हसले, त्यांना वाटलं विनोद आहे. विनोद कसला! घरी येईपर्यंत काकांची तणतण चालू. शिदोरीची गोष्ट चांगली आहे, आठात सहा देतो, पण ती सांगायला मी आहे, शाळेतला मास्तर आहे, वर्तमानपत्र आहे. ह्या पोराने ज्या कामासाठी झगा घातला ते काम कोण करणार? देव नाही हे मला माहीत आहे, पण तो आहे असं म्हणणारं जगात एक तरी ठिकाण नीट उभं पाहिजे की नको? हसावं की रडावं कळेना. नास्तिक माणूस देवाची बाजू घेऊन रिक्षावाल्यासमोर भांडतोय, आणि देवाची भक्त काकू त्याला गप्प करतेय, की अहो, पोरगं चांगलं आहे, शिवणवर्गाला मशिनं आणलीत त्यानं.

पुढच्या वर्षी काकूंचं बिघडलं. जिना उतरणं बंद झालं, मग खोलीतून खिडकीपर्यंत जाणं एवढाच प्रवास. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं ते त्यांनी खोटं न बोलण्याच्या नेमाप्रमाणे काकूंना जसंच्या तसं सांगितलं. हे वर्ष निघेल, पुढचं सांगता येत नाही. मी काकांवर भयंकर चिडले होते. काकू म्हणाल्या, 'चिडू नको गं पोरी. त्यांनी सांगितलं म्हणून मला खरं वाटलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी उगाच आशा धरली असती.' आणि मला लाडू वळायला बसवलं.

ह्या सगळ्यात काकूंची एकच गोष्ट होती. ईस्टरची प्रभातफेरी. येशू मरणातून उठला तो दिवस, म्हणून पहाटे अंधारात मंडळी मेणबत्त्या घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून गात निघायची, आणि ज्याच्या दारासमोर थांबायची तिथे पुढचा माणूस मोठ्याने पुकारायचा की प्रभू उठला आहे. घरातल्याने आतून उत्तर द्यायचं, खरंच उठला आहे. इथे हे हिंदीत चालायचं, पण वरच्या खिडकीतून काकू उत्तर मराठीत द्यायच्या. त्यांच्या लहानपणी गावात असंच व्हायचं. आई गेली त्या वर्षी, सुतकी घरासमोर फेरी थांबली आणि सहा-सात वर्षांच्या काकूंनी एकट्याने उत्तर दिलं होतं. तेव्हापासून त्यांनी एक वर्ष चुकवलं नव्हतं.

आणि त्याच वर्षी काय व्हावं? देवळाच्या कमिटीत पाद्रीजींनी मांडलं की पहाटे आरडाओरडा करून शेजाऱ्यांची झोप मोडण्यापेक्षा ईस्टरच्या सकाळी रक्तदान शिबिर घेऊ. आपलं रक्त देऊन कुणाला उठवणं, हेच खरं पुनरुत्थान. कमिटीतल्या निम्म्यांना तसंही चारला उठायचा कंटाळा. आणि काकांनी, आमच्या ह्या शहाण्या काकांनी, सगळ्यांत आधी हात वर केला! रक्तदान म्हणजे त्यांच्या हिशेबात आठात आठ. उड्या मारत घरी आले, मी वरच बसले होते, आणि सांगून टाकलं की शेवटी ह्या पोराने एक चोख काम केलं, फेरी रद्द.

काकूंनी ऐकलं. हातातला पदर सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, 'चांगलंच आहे की. रक्त कुणाला तरी लागतंच.' आणि पदर सोडून, 'मग मी यंदा कुणाला उत्तर देऊ, हो?'

  बाई मरणाच्या दारात बसलीय, आणि तिला जे अजून एकदा ऐकायचंय ते आपण स्वतः हात वर करून बंद केलं, हे काकांच्या ध्यानात आलं, आणि पायात चपला न घालता ते पाद्रीजींकडे गेले.

ठराव काही फिरला नाही, पण दुसऱ्या दिवशी पाद्रीजी घरी आले. मी चहा केला. बिचाऱ्यांनी फार मायेने काकूंचा हात धरला आणि समजावलं. उठणं म्हणजे देहाने उठणं असं नाही, काकूजी. माणूस आपल्या चांगल्या कामांतून, आपल्या माणसांच्या मनात जगतो. ते ऐकून मलाच इतकं बरं वाटलं! काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

'बेटा, एक बात बता,' त्या म्हणाल्या. 'मैं मरूँगी तो कहाँ जाऊँगी? ये तो कहते हैं, कहीं नहीं. ये मौसमवाले हैं, इनका ठीक है. तू तो पादरी है. तू बता.'

पाद्रीजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खाली बघत राहिले. चहा तसाच राहिला. काकूंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या की ह्याला लाडू दे. ते गेल्यावर काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला म्हणाले, 'त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. पण तो खोटं बोलला नाही, कुंदाताई. मीही त्याच्या जागी असतो तर एवढंच केलं असतं. मग मारू कुणाला?'

ईस्टरच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला गोळा केलं. आम्हाला म्हणजे मला, आमच्या ह्यांना आणि शर्माभाभींना. देवळातल्यांना ते बोलवायला गेले नाहीत, कमिटीचा ठराव आपणच केलाय, तो मोडायला दुसऱ्याला कसं सांगू म्हणाले. पहाटे गल्लीच्या टोकाला जमायचं. शर्माभाभी तर लगेच तयार, प्रभातफेरी आम्हीही काढतो म्हणाल्या, त्यात काय. पण काकांची एक अट. ते पेटीवर चाल वाजवतील, आम्ही मेणबत्त्या धरायच्या. पुकारायचं कुणी नाही. मी म्हटलं, अहो, मी पुकारते, मला काय त्याचं! तर म्हणाले, नाही. तुमचा विश्वास नसलेली गोष्ट तुमच्या तोंडून म्हणवून घेणं हा अन्याय आहे, आणि माझ्या तोंडून ते निघणार नाही. रिबेकाला चाल पुरेल.

पुरेल म्हणे! पण ऐकतंय कोण.

पहाटे चांगलाच गारवा होता. काकांनी चादरीने पेटी गळ्यात बांधलेली, वर मफलर. आमचे हे झोपेत, मेणबत्तीचं मेण ह्यांच्या बोटांवर. शर्माभाभी डोक्यावरून ओढणी घेऊन सगळ्यांच्या पुढे.  आम्ही निघालो. त्या अंधाऱ्या गल्लीत ती पेटी काय वाजली म्हणून सांगू! कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. दोन घरांत दिवे लागले. कोपऱ्यावर सायकल घेऊन कुणी तरी उभं होतं, हँडलला कापडी फलक गुंडाळलेला. पाद्रीजी. शिबिराच्या खुर्च्या लावायला निघाले होते, पेटी ऐकून थबकले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते सायकल ढकलत आमच्या मागून आले.

खिडकीत काकू होत्या. पांढरं लुगडं, हातात मेणबत्ती, केस विंचरलेले. कधीच्या उठून बसल्या असतील देव जाणे. आम्ही खाली थांबलो. काकांनी चाल पुरी केली आणि भाता मिटला.

 काकू खाली बघतायत. त्या चालीसाठी नव्हत्या बसल्या हो! त्यांना पुकारा हवा होता. त्याशिवाय त्यांनी उत्तर द्यायचं कशाला? मी काकांकडे बघते, काका पेटीकडे बघतायत. मी पाद्रीजींकडे बघते, त्यांचे ओठ उघडले आणि मिटले. माझ्या घशापर्यंत आलं होतं, अट गेली खड्ड्यात, ओरडतेच आता, असं मी ठरवलंसुद्धा. 

आणि काकांनी मान वर केली. आयुष्यभर मिटलेलं ते तोंड उघडलं, आणि फाटक्या आवाजात, सगळी गल्ली जागी होईल असं ते ओरडले,

'रिबेका! प्रभू उठला आहे!'

'खरंच उठला आहे!' काकू वरून म्हणाल्या. धाप लागलेली, पण आवाज असा खणखणीत, आणि हसू दाबलेलं. जन्मभराचा डाव जिंकल्या होत्या त्या!

मी रडत होते, शर्माभाभी रडत होत्या, आमचे हे बोटाला मेण भाजलं म्हणत होते पण डोळे पुसत होते. पाद्रीजींनी सायकल भिंतीला लावली, पुढे आले आणि वर बघून म्हणाले, 'काकूजी, एक बार और.' काकूंनी पुन्हा म्हटलं. दोनदा.

त्यानंतर आम्ही सगळे वर जाऊन लाडू खाल्ले आणि काका पाद्रीजींबरोबर शिबिरात जाऊन रक्त देऊन आले. संध्याकाळी मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, काय काका, खोटं बोललात की नाही शेवटी? मला वाटलं चिडतील. ते पायरीवर बसले. म्हणाले, 'मी नोंद नाही केली, कुंदाताई. मी फक्त हाक मारली. ती वाट बघत होती.' आणि दाढी खाजवत बसले.

काकू श्रावणात गेल्या. झोपेत. काका रडले नाहीत असं मी म्हणणार नाही, मोठ्याने रडले, आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला किती दुःख होतंय ते नेहमीच्या प्रामाणिकपणाने सांगितलं. माती देताना पाद्रीजींनी जुने शब्द जसेच्या तसे म्हटले. पुढे त्यांचा उपदेशही जरा बदलला. 'मला ठाऊक नाही, पण आपली मंडळी हे म्हणत आली आहे,' अशी सुरुवात करून ते जुन्या गोष्टी सांगायला लागले. काका म्हणाले, हे चोख आहे, आठात सात.

पुढच्या ईस्टरला पाद्रीजींनी फेरी पुन्हा सुरू केली. आधी फेरी, मग रक्तदान. आमचं बदलीचं पत्र आलं होतं, सामान बांधून झालं होतं, तरी मी गेलेच. केवढी माणसं होती! शर्माभाभींनी तर शेजारच्या दोघींना ओढून आणलं होतं. पुढे काका, गळ्यात पेटी, ओठ मिटलेले. आमच्या घराखाली सगळे थांबले. वरची खिडकी बंद. पाद्रीजींनी हिंदीत पुकारलं, सगळ्या गल्लीने उत्तर दिलं, आणि फेरी गात पुढे गेली.

काका गेले नाहीत. ते तिथेच उभे राहिले, मान वर, त्या बंद खिडकीकडे बघत. तिचं उत्तर यायला जेवढा वेळ लागला असता तेवढं थांबले. पेटीचा भाता उघडाच राहिलेला, त्यातून हवा हळूहळू निघत होती. वर आकाश निवळलेलं, एक ढग नाही, मंदिराच्या बाजूला उजाडायला लागलेलं.  मी आपली जुनी थट्टाच केली, जरा भीत भीतच.

'काका, अजून शून्यच का?'

ते खिडकीकडेच बघत होते. मग त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

'नऊ,' म्हणाले. भाता ओढला, चाल उचलली आणि फेरी गाठायला भराभर निघाले.